कापसाच्या खोलीतला आवाज

सेलूच्या रस्त्याकडेच्या बाभळी पुन्हा पांढऱ्या झाल्या आहेत. सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे निघालेले टेम्पो इतके भरलेले असतात की दोन्ही अंगांनी फुगतात, आणि रस्त्यावर लवलेल्या फांद्या जाता जाता त्यांतला चिमूट चिमूट कापूस काढून घेतात. दिवाळी झाली की आठ-दहा दिवसांत काट्याकाट्याला एक पुंजका लटकतो. हा कापूस कुणी वेचत नाही. तो तिथंच धुळीनं तपकिरी होतो आणि संक्रांतीनंतर कधीतरी दिसेनासा होतो.

या दिवसांत मला थकवा येतो. कामाचा नाही. काम मी उरकते; सकाळी वहीत दिवसाची यादी करायची आणि रात्रीपर्यंत ओळीओळीपुढं टिक करत जायचं, ही पंचवीस वर्षांची सवय आहे. पण जिनिंग सुरू झाल्या, गावावर सरकीचा तो तेलकट, उबदार वास पसरला आणि दिवसभराची एकसुरी घरघर कानात बसली की टिक करून टाकलेली जुनी कामं परत अंगावर येतात. दार उघडलं की तंतू उडत आत येतात. चहावर बसतात, पापणीवर बसतात. मी पुसत राहते.

दोन वर्षांपूर्वी याच हंगामात आम्ही एक कार्टून करत होतो. आम्ही म्हणजे माझ्या मावसबहिणीचा मुलगा संदीप, त्याच्या हाताखालचे दोन चित्रकार आणि मी. संदीप पुण्यात हे शिकून, तिथं बारा वर्षं काम करून सेलूला परत आला. मुलांसाठीच्या एका वाहिनीला मराठवाड्याच्या बोलीतली तेरा भागांची मालिका हवी होती. चित्रं त्यानं काढायची, बाकी सगळं मी बघायचं. कोण कधी येणार, कुणाची किती वाक्यं झाली, किती राहिली, जेवायला कोण कोण आहे. माझ्यासारखीला यापेक्षा सुखाचं काम नाही.

गोष्ट एका गावातल्या मुलांची आणि जनावरांची होती. त्यात एक म्हातारा बोकड होता, दाढीमामा. तो मुलांना शहाणपण सांगायचा आणि सांगता सांगता त्यांच्या वह्या खायचा. सगळी मालिका त्याच्या आवाजावर उभी राहणार होती आणि तो आवाज काही सापडत नव्हता. परभणीची, सेलूची, नाटकात कामं केलेली माणसं ऐकून झाली. घरात अस्सल आपलं बोलणारी ही माणसं माइकसमोर आली की सगळी पुण्याची होत.

एकदा बोरी गावात एका घराचा पत्ता विचारायला आम्ही एका किराणा दुकानापुढं थांबलो. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होते, "शेंगदाना चाखून बघ की, न्हाई कोन म्हनतंय? पर चाखन्यातच पावशेर संपवू नको बाबा. मला बी दुकान चालवायचंय." जड आवाज, थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी जरासा वर चढणारा. संदीपनं माझा दंड धरला. पत्ता विचारायचा राहूनच गेला.

त्यांना सगळे अप्पा म्हणत. साठी ओलांडलेले, कपाळाला विभूती, पांढरा सदरा. आम्ही काय हवंय ते सांगितलं तसे ते तराजू सोडून हसायला लागले.

"बोकड? ताई, आमी लिंगायत मानसं. आमच्या घरात अंडं बी येत न्हाई, आन् तुमी मला बोकड करायलाव?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "मंग चांगलंच हाय की. तुमच्यापासून त्येच्या जिवाला धोका न्हाई. हो म्हना."

या अक्का. अप्पांइतक्याच ठसठशीत, पण दुकानात न दिसणाऱ्या. परड्यातून, माजघरातून त्यांचं बोलणं पुढं यायचं आणि अप्पा ते वजन केल्यासारखं ऐकून घ्यायचे. "झालं," अप्पा म्हणाले, "वरनं हुकूम आला. आता बोकड तर बोकड."

सेलूतली आमची जागा जिनिंगच्या मागं होती. दसऱ्यापासून तिथं माइक लावणं म्हणजे गिरणीत बसून गोष्ट सांगणं. मी शाळा पाहिल्या, मंगल कार्यालयाच्या खोल्या पाहिल्या. सगळीकडं आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. शेवटी अप्पांनीच दुकानामागची खोली उघडली. चांगला भाव यायची वाट बघत त्यांनी शेतातला कापूस तिथं टाकला होता, तीन भिंतींना लागून छातीपर्यंत. संदीपनं मधे उभं राहून टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली. आम्ही एकमेकांकडं बघितलं. पुण्यात एवढ्यासाठी केवढा खर्च करतात.

त्या खोलीसारखी शांतता मी नंतर कुठं ऐकली नाही. बाहेर एसटी जायची, शेजारी कोंबडं ओरडायचं, आणि आत आपलाच श्वास आपल्या कानात यायचा. कापसाला ठिणगी सोसत नाही म्हणून अप्पांनी दिवासुद्धा लावू दिला नाही. एका खिडकीतून ऊन यायचं, त्यात तंतू तरंगायचे, आणि ते ऊन भिंतीवरून कलेपर्यंत आमचं काम चालायचं. शेतातून रोज नवा कापूस यायचा. ढीग चढत जायचा तसा अप्पांचा आवाज बदलायचा, अधिक कोरडा, अधिक जवळचा. मग आधीच्या भागाशी तो जुळेना. तेव्हापासून मी वहीत रोज एक ओळ जास्त लिहू लागले : कापूस खांद्यापर्यंत. कापूस खिडकीपर्यंत. कापूस खिडकीच्या वर.

आणि खाज. महिनाभर घरात पडलेला कापूस अंगाला चावतो. मान, कोपर, घोटे. संदीप वाक्य चालू असताना दात आवळून बसायचा, कारण खाजवल्याचा आवाज माइकमध्ये यायचा. अप्पांना काही होत नसे. "तुमची कातडी सेलूची झाली," ते म्हणायचे. त्यांच्याकडून एकच अडचण होती. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी सदऱ्याच्या गुंडीवर टिकटिक करायची. ते काढून ठेवा म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मग अप्पाच बोलताना डबी डाव्या मुठीत धरून बसू लागले, छातीशी. बोकडाचं सगळं शहाणपण त्यांनी असं इष्टलिंग मुठीत धरून सांगितलं.

लिहिलेलं ते जसंच्या तसं कधी म्हणत नसत. "ह्यो बोकड 'मी विचार करून सांगतो' म्हनायलाय. बोकड कुठं विचार करून सांगतंय, संदीपराव? ते आदी खातंय, मंग विचार करतंय." संदीप वाक्य बदलायचा. मी वहीत बदललेलं वाक्य लिहायची. मधेच दुकानातून हाक यायची आणि अप्पा बसल्या जागेवरून ओरडायचे, "साखर डाव्या हाताच्या डब्यात हाय!" टेक रद्द. हसले, रद्द. खोकला, रद्द. अक्कांना चहा मागितला, रद्द.

इथं मला माझी कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. संदीपच्या संगणकावर चित्रांनाच जागा पुरत नव्हती. म्हणून मी पहिल्या दिवशी नियम केला : चांगला टेक ठेवायचा, त्याचं मागचं-पुढचं छाटून वाक्य तेवढं ठेवायचं, आणि रद्द झालेलं सगळं त्याच दिवशी पुसून टाकायचं. मी बोरीहून निघायच्या आधी खोलीतच हे उरकायची. वहीत शेवटच्या रकान्यात लिहायची, 'साफ'. संदीप कौतुकानं म्हणायचा, मावशी, पुण्यात आमच्याकडं एवढी शिस्त नव्हती. मला ते आवडायचं. आता कुणी शिस्तीचं कौतुक केलं की मी विषय बदलते.

पौषात ज्वारीचे दाणे भरले. अक्कांनी कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर हुरडा आणून दिला, सोबत लसणाचं तिखट. अकरा भाग पुरे झाले होते. दोन राहिले होते. संक्रांतीला अप्पांनी तिळगूळ देताना बोकडाच्या आवाजात 'गोड बोला' म्हटलं आणि दुकानातली सगळी बायामाणसं हसली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी संदीपचा फोन आला. "मावशी, अप्पा लिंगैक्य झाले." दुकान उघडून गल्ल्यावर बसले होते, बसलेलेच राहिले.

दुपारी त्यांच्या शेतात आम्ही उभे होतो. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या बाजूला काळ्या पडलेल्या. खड्ड्यात अप्पांना मांडी घालून बसवलं होतं, विभूती, बेलाची पानं, गळ्यात ती डबी. लोक एकमेकांना हलकेच 'शरणार्थ' म्हणत होते. मला रडू आलं नाही. उन्हात उभं राहून पाय दुखत होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती मला लाज वाटावी अशी होती. परतताना जीपमध्ये मी पिशवीतून वही काढून खात्री करून घेतली. भाग बारा, अठरा वाक्यं बाकी. भाग तेरा, तेवीस.

मालिका तारखेला बांधलेली होती. पंधरा दिवस आम्ही माणसं ऐकली. अप्पांच्या जवळपास जाणारे दोघे मिळाले, पण जवळपास हेच वाईट. दूरचा आवाज परका वाटतो. जवळपासचा ऐकताना अंगावर काटा येतो. संदीप अर्ध्यातच उठून बाहेर जायचा. मी नावापुढं फुली मारायची.

पाथरीच्या बाजारातले मुनीरभाई आले ते मला विसरता येत नाहीत. शेळ्या-बोकडांचे व्यापारी, आवाज असा की चारशे माणसांत भाव ऐकू यावा. येतानाच म्हणाले, "बोकड कसं बोलतं ते मला इचारा. तीस बरस झाले, बोकडातच हाय मी." मी त्यांना पहिला भाग दाखवला, कानाला हेडफोन लावून. ते शेवटपर्यंत हलले नाहीत. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हे नको, ताई."

"का? जमंल तुम्हाला."

"जमतंय की. पर हे मानूस बोकड बोलंनाच. सोताचंच बोलायलंय. उद्या मी बोललो, तर लेकरं म्हनतील, मामाला बाजारात इकला आन् दुसरा आनला." चहा अर्धा ठेवून ते उठले. दारात थांबून म्हणाले, "बडा आदमी था."

वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी फोनवर सोपा मार्ग सांगितला. आता संगणकाला आवाज शिकवता येतो. अकरा भागांचं बोलणं त्याला द्या, उरलेली वाक्यं तो म्हणेल, कुणाला कळणारही नाही. संदीप म्हणाला, अक्कांना विचारल्याशिवाय नाही. विचारायला मी जायचं ठरलं. अशी कामं माझ्याच यादीत येतात.

माघातला दिवस होता. अप्पांची मुलगी लातूरला परत गेली होती, दुकान अक्का बघत होत्या. मागच्या खोलीतला कापूस विकला गेला होता. मी संगणकाचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"म्हंजे हे मेल्यावर बी बोलतील."

"त्यांच्यासारखं कुणीतरी बोलेल, अक्का."

"त्या यंत्राला तुमी काय शिकवनार? बोकडाचंच की. त्येला बोकडच येनार." त्या गल्ल्यावरचं कापड सारखं करत राहिल्या. "यंत्राचं बघू मागून. मला एक द्या तुमी. यांचं घरचं बोलनं द्या. च्या मागितलेलं, खोकललेलं, मला हाक मारलेली, काय बी. तुमच्या त्या मशीनमंदी सगळंच गेलं आसंल ना? रोज तर तिथं बसायचे."

घरात त्यांच्याकडं काहीच नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत अप्पा हात जोडून उभे दिसतात आणि वर सनई वाजते. मोबाइलवर ते 'हां, हां, ठेव' यापलीकडं गेले नाहीत, आणि तेही कुठं साठत नाही. बोरीच्या त्या घरात चाळीस वर्षं घुमलेला आवाज फक्त माझ्यापाशी आला होता, महिनोन् महिने, रोज.

बघते, असं म्हणून मी निघाले. सेलूला येऊन वही उघडली. पानामागून पान, शेवटचा रकाना : साफ. साफ. साफ. एक दिवस सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी परत बोरीला गेले आणि खरं सांगितलं. पुसलं. मीच पुसलं. मग मी वही काढली. निदान हे तरी, असं वाटलं मला. दिवसवार वाचायला लागले. टेक दोन, रद्द, गिऱ्हाईक आलं. टेक तीन, रद्द, अप्पा हसले. टेक चार, रद्द, अक्कांकडे चहा मागितला.

"काय म्हनले?"

"चहा मागितला, एवढंच लिहिलंय."

"आसं कसं? नुसतं 'च्या' म्हनले, का 'च्या व्हतो का' म्हनले?"

मला आठवेना. मी शेजारीच बसले होते, हातात पेन होतं.

"जाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "तुमी तुमचं काम केलं. मी बी रोज दुकान झाडते." ते त्या रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात शेजारचा शेतकरी वखर मागायला आला. अक्का आतून आणायला उठल्या नाहीत. जागेवरूनच म्हणाल्या, "हे म्हनायलेत, परवा ने. उद्या आमालाच लागतंय." तो मान हलवून गेला. मग त्यांच्याच ध्यानात आलं. माझ्याकडं बघून ओशाळं हसल्या. "सवय हाय. हे दुकानात लय बोलायचे, पर भावकीत, देन्याघेन्यात, तोंड उघडायचे न्हाईत. मीच सांगायची, हे म्हनायलेत म्हनून. कैकदा तर यांना ठावंच नसायचं, आपन काय म्हनायलोत ते."

आपल्याकडं हे घरोघर आहे. नवरा ओसरीवर गप्प बसलेला, आणि चौकटीत उभी बायको त्याचं म्हणणं सांगतेय. सगळ्यांना माहीत असतं की म्हणणं कुणाचं आहे. मी संदीपला संध्याकाळी हे सहज सांगितलं. तो हातातला घास ठेवून उठला आणि कागदावर एक काळी शेळी काढू लागला.

शेवटच्या दोन भागांत दाढीमामा बोलत नाही. लिंबाखाली बसून रवंथ करतो. मुलं विचारतात, आणि शेजारी बसलेली काळी शेळी सांगते, "हे म्हनायलेत..." संगणकाला आम्ही काही शिकवलं नाही. वाहिनीला कळवलं, बोकड आता थकलाय.

शेळीचा आवाज द्यायला अक्का चटकन तयार झाल्या नाहीत. "मी बोलायला लागले की हे आनखीच गप व्हतील," म्हणाल्या. आठ दिवसांनी त्यांचाच निरोप आला, की अर्धं सोडलेलं काम यांना आवडायचं न्हाई, या. तोवर फाल्गुन लागला होता. रिकामी खोली विहिरीसारखी घुमत होती. मी घराघरांतून वाकळा, गोधड्या गोळा करून भिंतींना टांगल्या. तरी तो कापूस नव्हता. अक्का मधे बसल्या. कागद हातात धरला, पण वाचला नाही. "हे म्हनायलेत, हिरीत वाकून बघा, पर पाय मागं ठिवा." लिहिलेलं इथं संपत होतं. त्या थांबल्या आणि पुढं म्हणाल्या, "आन् दिवस बुडायच्या आत घरी या म्हनायलेत." संदीपनं ते तसंच ठेवलं. मला एकाही टेकपुढं 'रद्द' लिहावं लागलं नाही.

मालिका लागली. मुलांना काही खटकलं नाही. एका शाळेत आम्ही गेलो तेव्हा एका लहानग्या मुलीनं विचारलं की मामा का बोलत नाही, आणि शेजारचीनं तिला गप केलं, "त्येच्या तोंडात घास हाय." संदीप तिथं हसला.

मागच्या हंगामात अक्कांचा फोन आला होता, तुरीच्या शेंगा पाठवल्यात, घेतल्या का म्हणून. ठेवता ठेवता म्हणाल्या, "ताई, एक सांगू का, हसू नका. हे सपनात येत्येत, पर बोकडाच्या आवाजात बोलायलेत. नातवंडं मोबाइलवर सारखी तेच लावत्येत. यांचं खरं बोलनं मला ध्यानातच यीना." मी शेंगा पोचल्या म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या शेंगा सोलत बसले. घरात तेवढ्या शेंगा खाणारंही कुणी नव्हतं.

आम्ही बोकडाला आवाज मिळवून दिला होता. तो इतका चांगला बसला की माणसाच्या आवाजाला जागा उरली नाही. एखादं काम फार नीट केलं तर असंही होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदा वाहिनीला दुसरी मालिका हवी आहे. मागच्या आठवड्यात मी जुन्या मालिकेच्या फायली आवरायला बसले. कोणत्या ठेवायच्या, कोणत्या नाहीत. बाहेर टेम्पो चालले होते, खिडकीच्या गजांना कापूस लागला होता. सातव्या भागातल्या एका वाक्याची फाइल जरा मोठी दिसली. तारीख पाहिली. मला आठवलं, त्या दिवशी शेवटची जीप निघाली होती, चालक भोंगा वाजवत होता, आणि मी पळता पळता वहीत 'साफ' लिहून टाकलं होतं. पुसायचं मग घरी जाऊन पुसलं, पण ही एक फाइल छाटायची राहिली. अक्कांनी मागितलं तेव्हा मी वही बघितली, फायली बघितल्याच नाहीत. वहीत 'साफ' होतं ना.

मी ती लावली. आधी कापसाची ती शांतता. मग घसा साफ केल्याचा आवाज. मग अप्पा, स्वतःच्या आवाजात : "हं. म्हनू का, ताई?"

प्रत्येक वाक्याआधी ते असं विचारायचे. शेकडो वेळा विचारलं असेल. मी शेकडो वेळा ते छाटलं.

काल बोरीला गेले. दुकानात उन्हाची तिरीप होती, अक्का गल्ल्यावर बसून सुपारी कातरत होत्या. मी काय आणलंय ते सांगितलं, आणि तेही सांगितलं की फार थोडं आहे. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला, पदर डोक्यावर नीट केला. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"हं. म्हनू का, ताई?"

अक्का म्हणाल्या, "हे तुमाला इचारायलेत."

"हो."

"पुढं?"

"पुढं बोकडाचं वाक्य आहे, अक्का."

"ते नको. तेवढंच लावा परत."

मी लावलं. या वेळी अप्पांचं विचारून झाल्याबरोबर अक्का म्हणाल्या, "म्हना की." आणि वाट बघितली. मी बोकड सुरू व्हायच्या आत थांबवलं, पुन्हा मागं नेलं. "म्हनू का, ताई?" "म्हना." पुन्हा. "म्हना की, कोन अडवायलंय?"

दारात शेजारची बाई येऊन उभी राहिली. "अक्का, मीठ हाय का?"

"थांब माय जरा," अक्का म्हणाल्या. "बोलू दे यांना."